तिळातिळाने जमणारा सण

दत्तजयंतीचा पाळणा हलवून झाला, मार्गशीर्षातील अखेरच्या गुरुवारी महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन झाले, की महाराष्ट्रातील घराघरांत संक्रांतीची चाहूल लागते. दिवाळीसारखा हा सण दिव्यांनी उजळत येत नाही, गणेशोत्सवासारखा वाजतगाजतही येत नाही. तो येतो कोठीच्या खोलीतून. तिळाचा डबा उन्हात निघतो, गुळाची ढेप फोडली जाते, माळ्यावरची परात खाली येते आणि घरातील वडीलधारी स्त्री पंचांग उघडून किती दिवस उरले ते मोजते. सण एका दिवसाचा, पण त्याची तयारी महिन्याची! किंबहुना आम्हांस असे वाटते, की संक्रांतीचे निम्मे पुण्य त्या तयारीतच साठविलेले असते. म्हणूनच ती कोणाच्या हातून होते आणि तिचा गोडवा कोणाच्या ओंजळीत पडतो, हा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा राहत नाही. तो धर्माचा प्रश्न होतो.

सूर्याच्या चालीवरचा सण

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात. म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते. संक्रांत मात्र सूर्याच्या चालीवर ठरते. सूर्य धनु राशीतून मकर राशीत प्रवेश करतो तो हा दिवस. बहुधा १४ जानेवारी, तर काही वर्षी १५ जानेवारी. २०२४ साली ती १५ तारखेस होती. ही तारीखही कायमची नव्हे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली १२ जानेवारीस झाला आणि तो दिवस मकर संक्रांतीचाच होता! अयनचलनामुळे सुमारे बहात्तर वर्षांत संक्रांत एका दिवसाने पुढे सरकते. आकाशातील सूर्य तर २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळू लागतो. परंतु आपल्या पूर्वजांनी राशिसंक्रमणाशी जोडलेला हा उत्सव आपण त्याच श्रद्धेने पाळत आलो आहोत.

त्याआधीचा महिना धनुर्मासाचा, आपल्या बोलीत धुंधुरमासाचा. सूर्य धनु राशीत असतानाच्या या काळात पहाटे उठून, सूर्योदयाबरोबर देवाला नैवेद्य दाखविण्याची रीत अनेक घरांनी जपली आहे. मुगाच्या डाळीची वाफाळती खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे अशा घरांतून पुन्हा पानात येते. कडाक्याच्या थंडीत मुलांना अंथरुणातून उठविणे सोपे नसते; परंतु भाकरीचा खरपूस वास जे काम करतो ते आईच्या हाकांनाही साधत नाही.

या दिवसांत लग्नसराईची धामधूम थंडावलेली असते. पौषात मुहूर्त नसतात. म्हणून काही लोक त्याला भाकड महिना म्हणतात. आम्हांस तो भाकड वाटत नाही. शेतात हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, गहू ओंबीवर येत असतो, उसाची तोड चाललेली असते, बोरीखाली बोरांचा सडा पडलेला असतो. घरातील स्त्रियांना सावकाशीच्या, चिकाटीच्या कामाला उसंत मिळते ती याच महिन्यात. संक्रांतीची सारी कामे अशीच सावकाशीची आहेत.

तीळ, गूळ आणि सुगडे

पहिले काम तिळाचे. तीळ सुपात घेऊन पाखडायचे, खडे निवडायचे, पाण्यात भिजवून खरखरीत फडक्यावर चोळायचे, टरफले निघाली की धुऊन उन्हात वाळवायचे. मग मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे. आच थोडी वाढली की तीळ करपतात आणि सारे काम कडू होते. तिळात वजनाने जवळजवळ निम्मे तेल असते. थंडीने कोरड्या पडलेल्या शरीराला या स्निग्धतेचीच गरज असते. गूळ ऊब देतो असे आपले जुने लोक सांगत. ऋतू, शेत आणि पाकशाळा यांचा असा मेळ क्वचितच इतर सणांत दिसेल.

तिळगुळाच्या वड्यांना चिक्कीचा गूळ वेगळा, गुळाच्या पोळीला साधा मऊ गूळ वेगळा. गुळाची पोळी ही तर सुगरणीची कसोटीच. किसलेल्या गुळात भाजलेल्या तिळाचे व खसखशीचे कूट आणि तेलावर खमंग भाजलेले डाळीचे पीठ घालून ते चांगले मळावे लागते. बाहेरची कणीक आणि आतला गूळ यांचा मऊपणा सारखा असला पाहिजे. नाही तर गूळ कडेपर्यंत पोचत नाही किंवा पोळी तव्यावर फुटून गूळ बाहेर वाहतो. ही गोष्ट मापाने शिकविता येत नाही. सासूने गोळा हाती द्यावा, सुनेने तो चेपून पाहावा, असेच हे शिक्षण चालत आले आहे.

मग कुंभारवाड्याची फेरी. संक्रांतीची सुगडे, म्हणजे मातीची लहान बोळकी, पारखून घ्यावी लागतात. बोटाने टिचकी मारून, खणखणीत वाजतात की नाही हे ऐकून. घरी आणून ती धुवायची, त्यांना हळदीकुंकवाची बोटे ओढायची, गळ्याभोवती दोरा गुंडाळायचा. संक्रांतीच्या सकाळी त्यांत उसाची करवे, बोरे, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, शेंगा आणि तिळगूळ भरून पूजा होते. एक सुगड देवापुढे, एक तुळशीपाशी आणि बाकीची सवाष्णींना वाण म्हणून. गावागणिक आणि घराणेपरत्वे संख्या व क्रम बदलतो. परंतु शेतात जे पिकले ते आधी देवाला आणि मग दुसऱ्याला, हे सूत्र सर्वत्र एकच आहे.

आदल्या दिवशी भोगी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण ज्या घरात ऐकू आली नाही असे मराठी घर विरळा. डोक्यावरून न्हाऊन, देवाला नैवेद्य दाखवून, पावटा, घेवडा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरे, शेंगा अशी सर्व भाज्यांची एकत्र केलेली, तिळाचे कूट लावलेली लेकुरवाळी भाजी आणि बाजरीची भाकरी खायची. भाजीचे नावच पाहा! अनेक लेकरे एका पदराखाली घेणारी ती लेकुरवाळी.

हलव्याचा काटा

या सर्व तयारीत अत्यंत कष्टाचे आणि अत्यंत नाजूक काम हलव्याचे. कोळशाच्या शेगडीवर विस्तव अगदी मंद ठेवायचा, त्यावर कल्हईची परात, परातीत खसखस, तीळ अथवा साबुदाणा. साखरेचा कच्चा एकतारी पाक करायचा. तो उकळताना चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची, म्हणजे हलवा शुभ्र होतो. मग पाकाचा एकेक चमचा दाण्यांवर सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत हलवीत राहायचे. पाक सुकला की पुढचा चमचा. असे तासन् तास, असे कित्येक दिवस. घाई केली, पाक जास्त पडला, तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. हवा ढगाळ असली तर काटा धरत नाही. थंडी कोरडी आणि हात स्थिर असेल, तरच दाण्यावर चांदणीसारखे काटे उमलतात.

आमच्या घरी हे काम मोठ्या आत्याकडे असे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिला वैधव्य आले आणि ती माहेरी परत आली. आम्हांस कळू लागले तेव्हा ती साठीला टेकलेली होती. पौष लागला की ती पहाटे स्नान आटोपून, सोवळ्याने शेगडीपाशी बसे. बोटांची अग्रे उष्णतेने लालबुंद होत. संध्याकाळी ती त्यांना लोणी लावी. आम्ही मुले परातीत हात घालू लागलो की म्हणे, “हात घालायचा तर आज सबंध दिवस घाला. मध्येच उठलात तर काटा मोडतो.” घटकाभरात आम्ही पळून जात असू. आत्या मात्र उठत नसे.

त्या हलव्याचे मग दागिने होत. नव्या सुनेची पहिली संक्रांत असली, तर काळी चंद्रकळा आणि अंगभर हलव्याचे दागिने. काळा रंग एरवी मंगलप्रसंगी वर्ज्य. परंतु ऊब धरून ठेवणारा म्हणून या एका सणाला तो मानाचा. लहान मुलाचे बोरन्हाण असले, तर मुकुट, बासरी, बाजूबंद. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवून हे दागिने गुंफावे लागतात. दाणा घट्ट धरला तर काटा झडतो, सैल धरला तर दाणा निसटतो. आळीतील लेकीसुनांचे, नातवंडांचे असे किती दागिने आत्याच्या हातून झाले असतील, त्याची गणती नाही.

आणि हळदीकुंकवाच्या संध्याकाळी आत्या बाहेर येत नसे.

तिला कोणी ‘आत बस’ म्हटले नव्हते. म्हणण्याची गरजच उरली नव्हती. बाहेर सतरंजी अंथरलेली, अत्तरदाणी-गुलाबदाणी मांडलेली, सवाष्णी येत-जात आहेत, एकमेकींचे हलव्याचे काटे वाखाणीत आहेत. आणि ज्या हातांनी ते काटे फुलविले, ते हात आत स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधीत आहेत. आमच्या घरातील माणसे दुष्ट नव्हती. तिला दोन वेळचे अन्न, वस्त्र आणि मान देणारीच होती. रीत आहे, एवढ्या दोन शब्दांत सगळ्यांच्या मनाचे समाधान होत होते, बहुधा तिच्याही.

१९७४ सालची संक्रांत

आदल्या उन्हाळ्यात आमच्या दादाचे लग्न झालेले. वहिनीची ती पहिली संक्रांत. आत्याने त्या वर्षी वीस-बावीस दिवस आधीच शेगडी पेटविली. मंगळसूत्र, तन्मणी, बांगड्या, बिंदी, कंबरपट्टा, नथसुद्धा! दादासाठी हलव्याचा हार आणि नारळ. संध्याकाळी वहिनीला चंद्रकळा नेसवून, दागिने घालून आईने देवापुढे आणले. देवाला नमस्कार झाला. बाहेर आठ-दहा सवाष्णी बसलेल्या. वहिनीने हळूच विचारले, “आत्याबाई कुठे आहेत? दागिने त्यांनी केले. आधी त्यांना नमस्कार करते.”

बैठकीत एकदम शांतता पसरली. मुलगी नवीन, तिला या घरची रीत ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असूनही तिने विचारले असेल. ते आम्हांस अजून कळलेले नाही. आई क्षणभर उभी राहिली आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. “वन्सं, बाहेर चला,” ती म्हणाली.

“अगं, आजच्या दिवशी मी कशाला? पोरीची पहिली संक्रांत आहे.”

“म्हणूनच चला. तिच्या अंगावरचा दाणा न् दाणा तुमच्या हातचा आहे. दाणा शुभ आणि हात तेवढा अशुभ, असं कसं होईल?”

आत्या उंबरठ्यापर्यंत आली. त्यापुढे तिने पाऊल टाकले नाही. वहिनीने तिथेच जाऊन वाकून नमस्कार केला. आईने एक सुगड आणि तिळगूळ आत्याच्या हाती दिले. कुंकवाचे बोट आईने पुढे केले नाही. तेवढे धैर्य त्या दिवशी तिलाही झाले नसावे. पण वाण आत्याने घेतले. चाळीस वर्षांत प्रथमच तिच्या हाती कोणाचे तरी वाण पडले होते. तिने सुगडात वाकून पाहिले आणि म्हणाली, “घाटे चांगले भरलेत यंदा.” आणि ती आत गेली.

पुढच्या वर्षी दोन घरच्या बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत. आईच्या ते ध्यानात आले. तिने काही म्हटले नाही. आम्हां मुलांबरोबर त्यांच्या घरी तिळगूळ तेवढा पाठविला आणि आत्याचे सुगड आधी भरून बाजूला ठेवले. त्यानंतर आत्या जिवंत असेतो हा क्रम चुकला नाही.

दादा-वहिनींच्या संसाराला आज पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. हे आम्ही पुरावा म्हणून सांगत नाही. संसारात सुखदुःखे सर्वांना असतात. तो तसा सुखाचा झाला नसता, तरी त्याचा दोष एका वृद्धेला केलेल्या नमस्काराला लागला नसता.

वाण म्हणजे दान

श्रद्धाळू वाचकांपैकी काहींना वाटेल, की रूढीला हात लावू नये. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो आणि एवढेच विनवितो, की रूढी आणि सणाचे मर्म यांत क्षणभर भेद करून पाहावा. संक्रांतीची मुख्य अंगे स्नान आणि दान ही होत. तिळाचे दान या दिवशी विशेष मानले आहे. वाण हे गृहिणीचे दानच आहे. भरल्या हाताने घराबाहेर दिलेला आपल्या अन्नाचा वाटा. कुंकवाविषयी ज्या त्या स्त्रीच्या आणि घराच्या मनाप्रमाणे व्हावे. परंतु तिळगूळ देताना, वाण देताना, समोरच्या हातात बांगडी आहे की नाही हे पाहण्याचे कारण काय? उत्तरायणाचा सूर्य अंगणातील तुळशीवर पडतो तसाच मागल्या दाराच्या पायरीवरही पडतो.

आणि ही काही आजची, परकी कल्पना नव्हे. याच महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवा स्त्रीशी विवाह केला, लोकनिंदा सोसली आणि १८९६ साली विधवांसाठी संस्था उभारली. अलीकडे, २०२२ सालच्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे आवाहन राज्य शासनाने केले. ठरावाने वाट मोकळी होते. पण उंबरठ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला हाक मारावी लागते ती घरातूनच.

यंदाच्या तयारीत

आजच्या घरांत कोळशाची शेगडी राहिलेली नाही. हलव्याचे दागिने दुकानात तयार मिळतात, गुळाच्या पोळ्या डब्यात बांधून येतात. नोकरी, प्रवास आणि घर सांभाळणाऱ्या गृहिणीने ते विकत आणले तर त्यात कमीपणा काहीच नाही. अनेक घरांचा चरितार्थही या पदार्थांवर चालतो. तथापि आमची एक सूचना आहे. संपूर्ण तयारी जमली नाही, तरी पौषातील एक संध्याकाळ घरातील सर्वांनी एका परातीभोवती बसावे. पुरुषांनी तीळ निवडावेत, मुलांनी वड्या थापाव्यात, आजीने पाकाची तार पाहावी. मूठभर हलवा घरी करून पाहावा. काटा आला तर आनंदच. न आला तरी काटा येण्यास काय लागते हे मुलांना समजेल.

वाण लुटतानाही थोडा विचार करावा. तिसऱ्या दिवशी अडगळीत जाणाऱ्या वस्तूपेक्षा नित्य उपयोगी पडेल असे काही द्यावे. कुंभाराची सुगडे आवर्जून घ्यावीत. त्याचेही घर या सणावर विसंबलेले असते. आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, तेव्हा बोलावण्याची यादी करताना पहिले नाव शेजारच्या मोठ्या घरचे न लिहिता, ज्यांना आजवर कोणी बोलावले नाही अशा काकूंचे, आत्यांचे, मावश्यांचे लिहावे. यंदा संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, कोणत्या दिशेस पाहते आहे, याची चौकशी आपण पंचांगात अगत्याने करतो. ती आपल्या दारी आली तेव्हा घरातील कोण दाराआड उभे होते, याचीही चौकशी करू या.

आत्याची परात आज वहिनींकडे आहे. कल्हई आता कोणी करून देत नाही. पण परात अजून माळ्यावरून खाली येते. नातसुनेची पहिली संक्रांत झाली तेव्हा वहिनींनी तिच्यासाठी दागिने बाजारातून आणले, फक्त नथ तेवढी घरी केली. गॅसच्या बारीक ज्योतीवर, तीन दिवस बसून. काटा फारसा धरला नव्हता. ती नथ घातल्यावर मुलीने विचारले, “आधी नमस्कार कोणाला करायचा?” वहिनींनी भिंतीवरच्या आत्याच्या तसबिरीकडे बोट दाखविले. तसबिरीपुढे एक सुगड आधीच भरून ठेवलेले होते.

सर्व वाचकांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि घरात कोणाला अद्याप तिळगूळ पोचला नसेल, तर आधी तिथे जा.